शाळा सोडल्याचे कारण

७ जून, शनिवार. काम: दाखल-खारीज रजिस्टरं उन्हात टाकणे.

हे काम मी दरवर्षी शाळा उघडायच्या आधी करते. हिंगणघाट तालुक्यातल्या एका मोठ्या गावच्या शाळेत मी लिपिक आहे, अठरा वर्षं झाली. दाखल-खारीज म्हणजे शाळेत आलेल्या आणि शाळेतून गेलेल्या प्रत्येक पोराची नोंद. एका पोराला एक ओळ, समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली. नाव, बापाचं नाव, त्याचा धंदा, गाव, जन्मतारीख, आधीची शाळा, कधी आला, कधी गेला, मग 'शाळा सोडल्याचे कारण' आणि अगदी शेवटी 'शेरा'. सर्वांत जुनी रजिस्टरं स्वातंत्र्याच्या आधीची आहेत. त्यांना कसर लागते. म्हणून सकाळी सात ते नऊ ओट्यावर सतरंजी टाकून मी ती उघडून ठेवते, पानं झटकते, डांबरगोळ्या घालते आणि परत कपाटात लावते. नऊच्या पुढे ठेवायची नाहीत. आमच्याकडच्या जूनमध्ये कागद तासाभरात कडक होतो आणि घडीवर तुटतो.

त्या दिवशी माझं लक्ष रजिस्टरांत नव्हतं. दोनच दिवसांपूर्वी मी विद्यापीठात पीएच.डी.चा ऑनलाइन फॉर्म भरला होता. विषय इतिहास. प्रवेश परीक्षा मी पहिल्याच वेळी पास झाले होते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. त्या निकालाच्या दिवशी मी घरी पुरणपोळी वगैरे काही केली नाही, पण ऑफिसात निकालाची प्रिंट दोनदा काढली, एक फाइलला आणि एक उगीच.

अडचण फॉर्मच्या तिसऱ्या पानावर होती. 'यापूर्वी केलेले संशोधन: प्रबंध, प्रकल्प, प्रकाशित लेख.' माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. एम.ए. मी पत्राद्वारे केलं. शेवटच्या वर्षी प्रबंध लिहा किंवा त्याच्याऐवजी दोन पेपर द्या, असा पर्याय होता. प्रबंध जमा करायचा महिना आणि आमचा दाखल्यांचा महिना एकच. खिडकीशी पालकांची रांग लागलेली असताना प्रबंध कोण लिहिणार? मी दोन पेपर दिले आणि मोकळी झाले.

आता, सरकारी कामात रकाना रिकामा सोडता येत नाही. रिकामा रकाना दिसला की वरच्या ऑफिसातून कागद लाल शेरा मारून परत येतो. सांगण्यासारखं काही नसेल तर तिथे 'निरंक' लिहायचं. मी हा शब्द स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा लिहिला असेल. तीन नंबरच्या पानावर हाताने आपोआप तेच टंकलं, निरंक, आणि मी 'सादर करा' दाबलं. पोच आली. मग कळलं की मी माझ्याच अर्जावर स्वतःच्या हाताने 'हिला काही येत नाही' असं लिहून पाठवलंय. फॉर्म दुरुस्त करता येत नव्हता. संशोधनाचा आराखडा मात्र अजून द्यायचा होता, त्याला पंधरा दिवस होते.

साडेआठच्या सुमारास मुख्याध्यापक आले. सुटीतही ते एक चक्कर मारतात. घरी करमत नाही म्हणतात.

"मॅडम, झाला का तुमचा फॉर्म?"

"झाला सर."

"संशोधनाच्या जागी का लिहिलं?"

"निरंक."

ते खुर्ची ओढून सावलीत बसले. "निरंक? अवो, आपण शौचालयाची माहिती पाठवून राह्यलो का? माझा साळा गेलता तिथं. त्याची एम.फिल. होती, सहा पेपर छापलेले होते, तरी त्याले दोनदा वापस पाठवलं."

"तुमचे साळे प्रवेश परीक्षा कितव्या वेळी पास झाले?"

"तिसऱ्या."

"मी पहिल्या."

"थे बी खरं हाय," म्हणत त्यांनी पेपर उघडला. "पण मुलाखतीत परीक्षेचे मार्क नाई पाहत. आजवर का केलं, थे पाहतात. आराखडा तरी भारी लिहा."

भारी लिहायचंच माझ्या मनात होतं. शीर्षकही ठरवलं होतं: 'वर्धा जिल्ह्यातील शिक्षणाचा इतिहास'. त्याच्या पुढे एक ओळ सुचत नव्हती.

मी सर्वांत जुनं रजिस्टर उचललं तर त्यातून एक चिठ्ठी पडली. माझ्याच अक्षरात चार नंबर लिहिलेले होते. मला आठवलं. जानेवारीत समुद्रपूरकडचा एक माणूस आजोबांच्या नोंदीची नक्कल मागायला आला होता. अशी माणसं नेहमी येतात. कोणाला जातीच्या दाखल्यासाठी लागते, कोणाला वारस लावायला. मी नाव शोधलं तर एकाच नावाची चार पोरं निघाली. गाव एक, बापाचं नाव एक, जन्मतारखा चार वेगवेगळ्या. तो माणूस वैतागला.

"माह्या बापाले चार बाप कसे असन मॅडम?"

मी पुन्हा पाहिलं. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या नोंदीत 'आधीची शाळा' या रकान्यात लिहिलं होतं: हीच. म्हणजे चार पोरं नव्हतीच, एकच पोरगं होतं. दिवाळीनंतर ते शाळेत यायचं बंद व्हायचं, मास्तर नाव कापायचे. होळीच्या सुमारास ते परत यायचं, मास्तर नवा नंबर द्यायचे आणि अंदाजाने नवी जन्मतारीख टाकायचे. चार वर्षं हेच. आणि सोडल्याचं कारण चारही वेळा तेच: 'कपाशी वेचण्यास.' मी त्या माणसाला पहिल्या नोंदीची नक्कल दिली, तो गेला, मी चहा प्यायला गेले. जानेवारीत त्यात मला विशेष काही वाटलं नव्हतं.

जूनमध्ये ती चिठ्ठी हातात धरून मी ओट्यावर बसले आणि एकच प्रश्न पडला. असं हे एकच पोरगं होतं का?

मी त्याच रजिस्टरात फक्त 'आधीची शाळा' हा रकाना बोटाने खाली पाहत गेले. हीच. हीच. हिंगणघाट. हीच. अल्लीपूर. हीच. मार्च महिन्याचं जवळजवळ पान भरून 'हीच'. मग उलटं, नोव्हेंबरमध्ये गेलेल्यांची कारणं. कपाशी वेचण्यास. कपाशी वेचण्यास. ढोरं राखण्यास. जिनात लागला. लग्न झाले. बापाने मास्तरांशी भांडून काढले. मी दुसरं रजिस्टर ओढलं, मग तिसरं. लॉटरी लागल्यावर माणसाचं काय होतं मला माहीत नाही, पण त्याच्या जवळपास काहीतरी झालं असावं.

"मॅडम," मुख्याध्यापक पेपराआडून म्हणाले, "साडेदहा झाले. रजिस्टरांचे पापड करून राह्यल्या का?"

दोन पानं घडीवर तुटली. माझ्या हातून अठरा वर्षांत पहिल्यांदा. मी रजिस्टरं आत नेली, तुटलेल्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि कपाटाच्या खालच्या खणातून माझ्या वह्या काढल्या.

या वह्यांबद्दल सांगायला हवं. सात आहेत, दोनशे पानी. नोंद शोधायला येणाऱ्या माणसासाठी दरवेळी एवढे ग्रंथ कोण उलटणार, म्हणून नोकरीच्या तिसऱ्या वर्षापासून मी नावांची यादी करायला घेतली. नाव, गाव, रजिस्टर नंबर, नोंद नंबर. पण आमच्याकडे एका नावाची दहा पोरं निघतात. ती ओळखू यावीत म्हणून मी बापाचा धंदा आणि सोडल्याचं कारणही लिहीत गेले. रोज दुपारी डबा खाऊन झाला की अर्धा तास. मला वाटे, मी माझं काम सोपं करतेय. तेवढंच करत होते. त्या दिवशी मी त्या वह्या पहिल्यांदा एका जागी बसून वाचल्या, घरून फोन येईपर्यंत वाचल्या.

घरी आल्यावर यांना सांगितलं. माझे यजमान हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर असतात. गाड्यांनी येणारा कापूस मोजतात. कमी बोलतात, पण बोलले की नेमकं.

"आराखड्याचं नाव का ठेवलं?"

"वर्धा जिल्ह्यातील शिक्षणाचा इतिहास."

"जिल्हा कायले? तुह्या कपाटात जिल्हा हाय का?"

"नाही."

"का हाय कपाटात?"

"एका शाळेची रजिस्टरं."

"मंग तेवढंच लिही ना. मले काट्यावर जेवढी गाडी येते, तेवढीच मी मोजतो. सारा तालुका मोजतो का?"

मी जिल्हा खोडला. त्यांनी भाजीत पोळी बुडवली आणि म्हणाले, "वेचायले मीबी गेलतो. दिवाळी झाली की वर्गात मास्तर अन् चार जण. माह्यंबी नाव कापलं असन. पाह्य बरं उद्या."

ते आमच्याच शाळेचे विद्यार्थी. मधे रविवार, म्हणून सोमवारी पाहिलं. नाव एकदाच होतं, सातवीनंतर शाळा सोडलेली. कारण: 'पालकांच्या विनंतीवरून.' संध्याकाळी सांगितलं तर ते हसले.

"माह्या बापानं जन्मात कोणाले विनंती केली नाई."

ते सहज बोलले, पण मला रात्रभर पुरलं. दुसऱ्या दिवशी मी रजिस्टरं वर्षांप्रमाणे लावून फक्त तो एक रकाना पाहिला. आधी खरी कारणं दिसतात, वेडीवाकडी, कधी मास्तरांचा राग जसाच्या तसा उतरलेली. पुढे कुठे कुठे 'विनंतीवरून' दिसायला लागतं. मग दर पानावर. मग सगळीकडे तेच. आणि शेवटची अठरा वर्षं जांभळ्या शाईत, 'पालकांच्या विनंतीवरून' असा शिक्का मारलेली. तो रबरी शिक्का हिंगणघाटहून मीच करून आणला होता, वेळ वाचावा म्हणून. आमच्या शाळेतून गेल्या अठरा वर्षांत पोरं का गेली, हे शोधायला उद्या कोणी आलं तर त्याला माझा शिक्का सापडेल. बाकी निरंक.

मला त्याचं रडू वगैरे आलं नाही. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त, प्रश्न मिळाला याचा आनंद झाला. कपाशीच्या हंगामाने शाळेचा पट कसा बदलत होता, आणि ते कारण कागदावरून कधी व का पुसलं गेलं. एक शाळा, एक रजिस्टर-कपाट. आराखडा मी चार दिवसांत लिहिला. भारी शब्द आले की यांना वाचून दाखवायचे, ते जेवण थांबवून माझ्याकडे पाहायचे, मी तो शब्द काढायचे.

मुख्याध्यापकांकडून ना हरकत पत्र घ्यायचं होतं. त्यांनी आराखडा दोनदा वाचला. "एक अट," म्हणाले. "पोरांची नावं छापायची नाई. कोणाच्या आज्यानं मास्तरले शिव्या देल्त्या, थे गावात समजलं तर खिडकीवर येतील लोकं."

"नावं नाही छापणार."

"अन् प्रमोशन नाई हां याच्यात."

"माहीत आहे सर."

"मंग करा," असं म्हणून त्यांनी सही केली, तारीख टाकायला विसरले, मी परत घेऊन गेले.

मुलाखत जुलैच्या शेवटी नागपूरला होती. सकाळच्या एसटीने निघाले. पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि सात वह्या. रजिस्टरं शाळेबाहेर नेता येत नाहीत. बाहेरच्या बाकावर पंचवीसेक वर्षांची एक मुलगी बसली होती. तिच्या फाइलमध्ये प्लास्टिकच्या पारदर्शक कप्प्यांत प्रमाणपत्रं होती, परिषदांची, कार्यशाळांची.

"ताई, तुमचे किती पेपर झाले?" तिने विचारलं.

"एकही नाही."

तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं. तिला वाटलं असावं मी कोणासोबत आले आहे. "होईल तुमचं," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. मी तिला डब्यातली चकली दिली.

आत तिघं होते. मधे अध्यक्ष, वयस्कर सर. उजवीकडे बाहेरून आलेले एक तज्ज्ञ, जे शेवटपर्यंत फार बोलले नाहीत. डावीकडे विभागातल्या प्राध्यापक मॅडम, त्यांच्यासमोर माझा फॉर्म.

अध्यक्षांनी तिसरं पान उलटलं. "यापूर्वीचं संशोधन, निरंक?"

"हो सर."

"लोक तिथे काहीतरी लिहितातच. तुम्ही सरळ निरंक?"

"सर, मी लिपिक आहे. रकाना रिकामा सोडायची सवय नाही."

बाहेरचे तज्ज्ञ हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आराखडा वर घेतला. "मग यातली उदाहरणं कुठून आली? हा एकच मुलगा चार वेळा दाखल झाला, हे कोणी दाखवून दिलं?"

मी पिशवीतून वह्या काढून टेबलावर ठेवल्या. त्यांनी तिसरी उघडली. बराच वेळ पानं उलटत होत्या. मी उभी राहू की बसू हे कळेना, म्हणून बसून राहिले.

"आराखड्यात जन्मतारखा चार आहेत," त्या म्हणाल्या. "मग तो एकच मुलगा हे कशावरून?"

"जन्मतारीख मास्तर अंदाजाने टाकायचे, तिच्यावर मी विसंबत नाही. 'आधीची शाळा' पाहते. तिथे 'हीच' लिहिलंय. शिवाय गेल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख एकमेकींना जुळतात."

"आणि 'हीच' लिहिलेलं नसेल तर?"

"तर मी तो एक धरत नाही. दोन धरते."

"असे किती आहेत एकूण?"

"मोजलेले नाहीत. मोजायला म्हणूनच आलेय."

अध्यक्षांनी विचारलं, या विषयावरचं काय वाचलंय. मी खरं सांगितलं, थोडं, आणि जे वाचलं ते सांगितलं. एका प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही. दुसऱ्या प्रांतातल्या शाळांतही असं घडत होतं का? मी येत नाही म्हणाले आणि वहीच्या मागच्या पानावर तो प्रश्न लिहून घेतला. तो चांगला प्रश्न होता. लिहिताना पाहिलं तर तिघंही माझ्याकडे बघत होते.

मॅडमनी वही मिटली. "ही यादी फॉर्ममध्ये संशोधन म्हणून का नाही दाखवली?"

"मी ती कामासाठी केली होती."

"किती वर्षं?"

"पंधरा."

"हं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि माझ्या वह्या नीट एकावर एक रचून माझ्याकडे सरकवल्या. वर-खाली क्रमांक बरोबर लावून. मला ते आवडलं.

एसटीत परत येताना मी डबा खाल्ला, सगळा. बुटीबोरीपासून पुढे दोन्हीकडे कपाशी वीतभर वर आली होती, निंदणाच्या बाया तण काढत ओळीने बसलेल्या. मी खिडकीतून पाहत होते आणि मनात नोव्हेंबर मोजत होते.

यादी नऊ दिवसांनी लागली, संध्याकाळी पाचनंतर. मी ऑफिस बंद करत होते. फोनवर पान उघडेना, मग ऑफिसच्या संगणकावर उघडलं. माझं नाव चौथं होतं, समोर मार्गदर्शक म्हणून त्या मॅडमचं नाव. बाकावरच्या मुलीचं नाव सहावं. या वेळी मी दोन प्रिंट काढल्या नाहीत, एकच काढली. मुख्याध्यापक गाडी काढत होते, त्यांना खिडकीतून दाखवली.

"निरंकवर लागला नंबर?" ते म्हणाले. "साळ्याले नाई सांगत मी." मग गाडी परत स्टँडवर लावली, आत आले आणि शिपायाला चहा आणायला पाठवलं. पाच वाजून गेल्यावर त्यांनी चहा मागवल्याचं मला आठवत नाही.

घरी हे जेवत होते. प्रिंट त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी डाव्या हाताने उचलून वाचली, परत ठेवली.

"कधीपास्न सुरू?"

"झालंच सुरू."

"मंग माह्यं कारण दुरुस्त कर पहिले. लिही, वेचायले नेलं बापानं."

"जुनी नोंद बदलता येत नाही. तुम्ही सांगितलं असं टिपून ठेवते, वहीत."

"तारीख टाकजो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी खिडकी उघडली. पहिलाच एक बाप होता, शेजारच्या खेड्यातला, मुलीचा दाखला मागायला आलेला. मुलगी आठवीत. अर्ज बरोबर होता. मी रजिस्टर उघडलं, शिक्का शाईत दाबला.

"पोरीले काऊन नेता?" मी विचारलं.

"विनंती लिहा ना मॅडम. मागच्या खेपी मोठीच्या वेळी तुमीच लिहिलं होतं."

"ते लिहिते. पण काऊन?"

त्याने मागे पाहिलं. रांगेत अजून दोघं होते. मग खिडकीच्या गजाशी वाकून म्हणाला, "सकाळची एसटी बंद झाली. पायी येते साडेचार किलोमीटर. आता तिच्या मामाकडे ठेवतो, हिंगणघाटले."

कारणाच्या रकान्यात मी शिक्का मारला, कारण वरच्या ऑफिसला तोच लागतो. मग पेन घेतलं आणि शेवटच्या रकान्यात, शेऱ्यात, लिहिलं: 'गावची सकाळची एसटी बंद झाल्याने. पायी साडेचार कि.मी.' अक्षरं जरा दाटीने बसली. दाखला त्याच्या हातात दिला, दोन झेरॉक्स काढून ठेवायला सांगितल्या, आणि पुढच्या माणसाला विचारलं.